बाईंची आंघोळ

बाईंकडे राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला आधी आंघोळ शिकवली. माझ्या दोन्ही बॅगा अजून दारातच होत्या. मी तिशीला टेकलेली, नोकरीसाठी नाशिकहून नुकतीच दोह्याला आलेली. निदान आंघोळ तरी आपल्याला येते असा माझा समज होता. बाईंनी मला बाथरूमच्या दारात उभं केलं. आत कोपऱ्यात एक बुटकं निळं प्लास्टिकचं स्टूल, शेजारी लाकडी बादली, आणि समोर काठोकाठ भरलेला टब. टबावर झाकण म्हणून प्लायवूडची फळी ठेवलेली होती.

"स्टुलावर बसायचं," त्या म्हणाल्या. "साबण लावून अंग चोळायचं, पायाच्या बोटांच्या बेचक्यांसकट. सगळा साबण धुऊन टाकायचा. मग टबात उतरायचं. टब अंग धुवायला नाही, अंग धुऊन झाल्यावर बसायला आहे."

"आणि माझं झालं की पाणी सोडून देऊ ना?"

"का? तू घाण आहेस का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या उत्तराची वाट बघत माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या घरात टबातलं पाणी दिवसातून एकदाच बदललं जाई. आधी बाई बसत, मग दुसऱ्या खोलीतली केरळची नर्स, मग मी. नर्स पहिल्या दिवसापासून टबाकडे पाठ करून शॉवर घ्यायची आणि बाईंना खोटंच सांगायची की ती बसली होती. मी सुरुवातीला तेच केलं. मग एका गुरुवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, ऑफिसात पिळून निघाल्यावर, बसले. बाहेर आले तर बाई स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज खरी बसलीस."

आमची कंपनी जपानी होती. गॅसचे प्रकल्प बांधायची. ऑफिस मुशैरिबला. मी तिथं डॉक्युमेंट कंट्रोलला होते, म्हणजे कुठलं ड्रॉइंग कुठल्या क्रमांकाचं आणि कुणाच्या टेबलावर अडकलंय याचा माग ठेवायचा. बाई दुभाषी होत्या. पुण्यात तरुणपणी शिकलेली जपानी भाषा त्यांनी अशी काही घासूनपुसून ठेवली होती, की जपानी इंजिनियर त्यांच्याशी बोलताना नकळत खुर्चीत ताठ बसत. मीटिंगमध्ये त्या टेबलाच्या टोकाला बसायच्या. सुती साडी, इस्त्री केलेली. केस पांढरे, आखूड. कुणी बोलायला लागलं की डोळे मिटायच्या आणि बोलणं संपलं की उघडायच्या. मग तेच बोलणं दुसऱ्या भाषेत यायचं, त्याच क्रमाने. बोलणारा मध्ये खोकला असेल, तर तेवढी जागासुद्धा सोडलेली असायची.

त्यांना काकू म्हटलेलं चालत नसे. "काकू म्हणवून घ्यायला घरात काका असावा लागतो," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. "ऑफिसात मॅडम म्हण. घरी बाई म्हण." त्यांच्या घरातला काका बऱ्याच वर्षांपूर्वी निघून गेला होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदाच, भांडी घासता घासता, म्हणाल्या होत्या, "मला जपानला जायची स्कॉलरशिप मिळाली होती. तो म्हणाला, जा, पण परत येताना इथं येऊ नकोस. मी गेले नाही. तो मात्र गेला."

अल नस्रमधलं ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली न्हावी, बाजूला इस्त्रीवाला, समोर दिवसभर शावरमा फिरणारं दुकान. दोह्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड पाण्याच्या नळाला हात लावला तर भाजतो. लोक गीझर बंद करून त्यात पाणी साठवतात, तेवढंच काय ते कोमट. सगळं शहर थंड पाण्यासाठी हैराण, आणि बाई मात्र जूनपासून खूश. "बघ," त्या नळाखाली हात धरून म्हणायच्या, "बेचाळीस. आपोआप." बेचाळीस अंश हे त्यांचं दैवत होतं. त्याच्या खाली पाणी म्हणजे डबकं, आणि वर म्हणजे स्वयंपाक.

हे सगळं आलं कुठून, तर टोकियोतल्या एका सार्वजनिक न्हाणीघरातून. जुनं, युद्धाच्याही आधीचं. देवळासारखं छप्पर, आत उंच लाकडी छत, भिंतभर रंगवलेला डोंगर, चपला ठेवायला लाकडी किल्ल्यांचे खण, कपडे ठेवायला वेताच्या टोपल्या. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. मध्ये भिंत, पण ती छतापर्यंत न पोचणारी. पलीकडचा नवरा अलीकडच्या बायकोला ओरडून सांगू शकतो की माझं झालं, तू निघ. गल्लीतले सगळे तिथं येतात. कोळीण येते आणि डॉक्टरीणही येते. कपडे काढले की कोण कोण ते कळत नाही. "पाण्यात सगळ्या सारख्या," बाई म्हणायच्या. "जगात अशी जागा मला दुसरी माहीत नाही. देऊळसुद्धा नाही. देवळात लोक कपडे घालून येतात."

हे वर्णन इतकं बारीक असायचं, की स्कॉलरशिप हुकली तरी पुढे कधीतरी बाई तिथं अनेकदा जाऊन आल्या असणार याबद्दल आम्हा कुणालाच शंका नव्हती. ऑफिसातले मराठी लोक त्यांना पाठीमागे 'गरम पाणी' म्हणायचे. 'गरम पाणी आलं का?' 'गरम पाणी आज तापलंय.' हे नाव पाडलं होतं निखिलनं.

निखिल म्हणजे अश्विनीचा नवरा. अश्विनी माझी कॉलेजातली मैत्रीण. मला दोह्यात नोकरी लागली ती त्या दोघांमुळे, बाईंकडची खोलीही त्यांनीच बघून दिलेली. निखिल पाइपिंगचा इंजिनियर. हुशार, आणि जिभेला हाड नसलेला. नक्कल करण्यात पटाईत. बाईंची डोळे मिटून ऐकण्याची नक्कल तो त्यांच्यासमोरच करायचा, आणि मला सांगायला हवं की बाई हसायच्या. त्याला त्या 'अरे माकडा' म्हणायच्या. अश्विनीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाईंनी रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या दिवशी, सुट्टी टाकून तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळले होते.

एकदा ऑगस्टमध्ये आम्ही सगळे समैस्माला गेलो होतो. उन्हं उतरल्यावर किनाऱ्यावर चटया टाकल्या. तिथला समुद्र उथळ, आणि ऑगस्टमध्ये चहा करायला ठेवल्यासारखा गरम. बाई पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या. त्या सरळ पाण्यात चालत गेल्या, खाली बसल्या, आणि गळ्यापर्यंत पाणी आल्यावर पर्समधून आणलेला छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवला. तासभर तशाच. पाण्यावर फक्त एक डोकं आणि एक टॉवेल. पलीकडे सहलीला आलेलं एक अरब कुटुंब होतं, त्यातल्या आजीबाई उठून काठावर आल्या आणि हाताने विचारू लागल्या, बरं आहे ना? बाईंनी पाण्यातूनच हात हलवला. मग त्या आजीसुद्धा आपल्या काळ्या अबायासकट घोटाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. निखिल म्हणाला, "यल्ला, चला, गरम पाण्याची शाखा उघडली." बाईंनी हे ऐकलं आणि त्याच्यावर पाणी उडवलं. मी त्यांना असं मोकळं त्या दिवशीच पाहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती मीटिंग झाली.

मी कोपऱ्यात ड्रॉइंगचे गठ्ठे घेऊन बसले होते. आमचे जपानी मॅनेजर वयस्क होते, शांत. ते एका पाइपलाइनवरून वारंवार तोच प्रश्न विचारत होते, आणि निखिल तेच उत्तर तिसऱ्यांदा देऊन कावला होता. तो शेजारच्या मराठी पोराकडे झुकून हळूच म्हणाला, "या म्हाताऱ्याच्या हातात ड्रॉइंग उलटं दिलं तरी त्याला कळायचं नाही." पोरगा फिसकन हसला. मॅनेजरांनी मान वर केली आणि बाईंना जपानीत काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळायला जपानी यायची गरज नव्हती. ते म्हणत होते, तो काय म्हणाला?

बाईंचे डोळे मिटलेले होते. ते त्यांनी लगेच उघडले नाहीत. निखिल त्यांच्याकडे बघून ओशाळं हसत होता, घरातल्या माणसाकडे बघून हसावं तसं. मग बाईंनी डोळे उघडले आणि सांगितलं. मॅनेजरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनी सगळं सांगितलं. उलटं ड्रॉइंग, म्हातारा, सगळं.

मॅनेजर रागावले नाहीत. त्यांनी फक्त मान किंचित झुकवली आणि पुढचा विषय घेतला. पण कामाच्या पुढच्या टप्प्याची माणसं ठरली त्यात निखिल नव्हता. व्हिसा कंपनीचा, म्हणजे काम गेलं की देशही सोडायचा. अश्विनीचं पोट तेव्हा चांगलं दिसायला लागलं होतं. बाळंतपण दोह्यातच करायचं म्हणून तिने डॉक्टर बघून ठेवली होती, पाळणा घेतला होता. सामान विकताना पाळणा कुणी घेईना, तो ते तसाच घरात ठेवून गेले.

त्या मीटिंगच्या दिवशी घरी आल्यावर मी बाईंना विचारलं, "तुम्ही 'काही नाही' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "मी मधे नसते," त्या म्हणाल्या. "मी नळ आहे. एका बाजूने येतं ते दुसऱ्या बाजूने जातं. नळाने ठरवायचं नसतं."

"नळ बंद करता येतो, बाई."

"माझा नाही येत. एक शब्द बदलला की दुसरा बदलावासा वाटतो. मग माझ्यात आणि खोटं बोलणाऱ्यात फरक काय? मी शब्द बदलत नाही. कुणासाठीही नाही." आणि टॉवेल घेऊन त्या बाथरूममध्ये गेल्या. मला आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. रोजच्यासारखा, व्यवस्थित.

ऑफिसातल्या मराठी लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गणपतीला एकाच्या घरी सगळे जमलो तेव्हा बाई मोदकांचा डबा घेऊन आल्या. डबा कुणी उघडला नाही. आरती झाली तसा त्यांनी तो उचलला आणि गेल्या. कामाशिवाय मीही त्यांच्याशी बोलत नव्हते, पण घर सोडलं नाही, कारण अल नस्रमध्ये मेट्रोजवळ बाईमाणसाला सहज खोली मिळत नाही. एका छपराखाली राहून आम्ही दोघी भिंतीकडे बघत जेवायचो. नर्सला वाटायचं की मराठी घरात असंच असतं.

पुढच्या वसंतात टोकियोच्या मुख्य ऑफिसात ड्रॉइंगची तपासणी निघाली. दोह्याहून मॅनेजर, दोन इंजिनियर, दुभाषी म्हणून बाई, आणि कागदांबरोबर मी. यादी वाचून दाखवली त्या दिवशी बाई मेट्रोने घरी येताना कितीतरी दिवसांनी आपणहून म्हणाल्या, "मी कधी गेलेच नाहीये."

"कुठे?"

"जपानला."

मग ते न्हाणीघर, तो डोंगर, त्या टोपल्या? ते सगळं त्यांच्या पुण्याच्या शिक्षिकेनं सांगितलेलं होतं. पुण्यातल्या माणसाशी लग्न करून आलेली जपानी बाई, संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायची. तिला माहेरची आठवण आली की ती गल्लीतल्या न्हाणीघराबद्दल बोलत बसायची. इकडे बाईंना नवऱ्याच्या घरी जायचं नसायचं, म्हणून त्या ऐकत बसायच्या. "ते अजून आहे," बाई म्हणाल्या. "मी शोधून ठेवलंय. इथलं खलास झालं की मी तिथं जवळपास खोली घेऊन राहणार आहे. रोज संध्याकाळी जाणार." मग माझ्याकडे वळून, "तू येशील बरोबर? एकटीनं पहिल्यांदा नको वाटतंय." मला नाही म्हणता आलं नाही.

टोकियोत तपासणी संपल्यावर दुपारी आम्ही निघालो. बरोबर हारुका नावाची तिथल्या ऑफिसातली तरुण मुलगी होती. वाट दाखवायला म्हणून तिला दिलेलं, पण वाट बाईच दाखवत होत्या. कुठल्या दुकानापाशी वळायचं ते त्यांना पाठ होतं, दुकान बदललेलं असलं तरी. आणि वळलो तर ते समोर होतं. अगदी त्यांनी सांगितलं तसं. देवळासारखं छप्पर, दारावर निळा पडदा. बाई रस्त्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. सायकलवरून जाणारा एक माणूस वळून बघत गेला.

आत उंच गल्ल्यावर एक म्हातारी बसली होती. बाई तिच्याशी बोलल्या. त्यांचं ते ऑफिसातलं, आदराच्या शब्दांनी विणलेलं जपानी. म्हातारीने दोन्ही हात हलवले आणि म्हणाली, "नो इंग्लिश, नो इंग्लिश."

बाई पुन्हा बोलल्या, सावकाश. म्हातारीने हारुकाकडे बघितलं. हारुका अवघडून हसली आणि काहीतरी म्हणाली, बहुतेक हेच की या जपानीच बोलतायत. मग म्हातारी हारुकालाच काहीतरी सांगू लागली आणि हाताने अंग चोळल्यासारखं करून दाखवू लागली. आधी धुवायला सांग त्यांना. बाई ते बघत उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "हाय." म्हणजे हो.

कपडे काढताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाईंनी मात्र साडीची घडी घातली, टोपलीत ठेवली, आणि अंगावर काही नाही हे जणू त्यांच्या लक्षातच नाही अशा चालत गेल्या. बुटक्या स्टुलावर बसल्या आणि धुवायला लागल्या. दोनदा साबण, दोनदा पाणी. मान, कानामागे, टाचा. झाल्यावर पुढच्या माणसासाठी स्टूलही धुऊन पालथं घातलं. तिथल्या बायकांपैकी इतक्या निगुतीने कुणी धूत नव्हतं.

मोठ्या हौदात तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. भिंतीवर डोंगर होता, निळा, वर पांढरा. बाई काठावर बसून हळूहळू उतरल्या. पाणी कढत होतं, मी पाय घालून परत बाहेर काढला. बाई गळ्यापर्यंत बुडाल्या. टॉवेलची घडी डोक्यावर. डोळे मिटले. त्या क्षणी त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला. माझा इतक्या महिन्यांचा राग तिथं वाफेत कुठेतरी सुटला, निदान मला तसं वाटलं.

मग त्या म्हाताऱ्यांपैकी एक काहीतरी बोलली. दुसरीने उत्तर दिलं. पहिली उठली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरीही. बाहेर जाऊन त्या नळापाशी बसल्या आणि पुन्हा अंगावर पाणी घ्यायला लागल्या. एक अजून बोलतच होती. हारुका हौदाच्या दुसऱ्या टोकाला खाली मान घालून बसली होती. बाईंचे डोळे उघडे होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "म्हणतायत, पाहुण्या लांबून आल्यात, त्यांना ऐसपैस बसू दे. आपण काय, रोजच्याच."

मी पाण्यातूनच त्या म्हाताऱ्यांकडे वळून हात जोडले, वाकले, हसले. त्यांनी गोंधळून एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने अर्धवट मान हलवली. मी पुन्हा हात जोडले.

बाई बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. हारुका दोनदा म्हणाली की फार वेळ बसू नये, चक्कर येते. त्या डोंगराकडे तोंड करून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर हारुकाने आमच्यासाठी बाटलीतलं थंड दूध आणलं, तिथली पद्धत म्हणून. मी प्यायले. बाई बाटली हातात धरून बसल्या आणि निघताना न उघडताच परत ठेवली. गल्ल्यावरच्या म्हातारीला त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हारुका आम्हाला पोचवायला विमानतळावर आली. बाई पाण्याची बाटली आणायला गेल्या तेव्हा ती एकदम माझ्यापुढे वाकली आणि इंग्रजीत म्हणाली, "काल मी बोलायला हवं होतं. मला माफ करा."

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

तिला वाटत होतं की मला माहीत आहे. मग माघार घेता येईना म्हणून तिने सांगितलं. पहिली म्हातारी म्हणाली होती, हिचा रंग पाण्यात उतरेल. दुसरी म्हणाली, आपण उद्या येऊ, पाणी बदलल्यावर. आणि मी हात जोडले तेव्हा तिसरी म्हणाली, बघा, बिचारीला काहीच कळत नाही.

विमानात बाई खिडकीशी होत्या. उड्डाण झाल्यावर मी म्हटलं, "बाई, त्या बायका काय म्हणाल्या ते मला कळलं."

"हारुका?"

"हो."

"तिला काही कारण नव्हतं सांगायचं."

"तुम्ही शब्द बदललात."

"हो."

"मी हात जोडत होते त्यांच्यापुढे. तुम्ही बघत होतात."

"तू खूश होतीस," बाई म्हणाल्या. "कशाला उगीच."

"निखिलही खूश होता. तुमच्याकडे बघून हसत होता. त्याच्या वेळी नाही बदललात."

त्यांनी खिडकीचा पडदा खाली ओढला. "तेव्हा मी कामावर होते," त्या म्हणाल्या. "काल मी आंघोळीला गेले होते."

मला हे उत्तर आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा इतका राग आला की माझा आवाज चढला, पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं. "म्हणजे तुम्हाला बदलता येत होतं. इतकं सहज. मला वाटायचं, तुम्हाला ते जमतच नाही."

"येतं की," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच येतं. न बदलायला शिकावं लागतं. त्यात माझा जन्म गेला." मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तिथं तरी शिकलेलं काही लागणार नाही."

दोह्यात उतरेपर्यंत आम्ही बोललो नाही. त्यानंतरही नाही, म्हणजे चावी, वीज, दूध याशिवाय. महिन्याभरात मला मुशैरिबमागे एका कुटुंबात खोली मिळाली आणि मी निघाले. नर्सने नंतर भेटल्यावर सांगितलं की बाई आता शॉवर घेतात, आणि टबात भिजवलेले कपडे असतात. तिला हायसं वाटलं होतं.

त्याच वर्षी ऑफिसात मीटिंगच्या टेबलावर एक छोटं यंत्र आलं. बोललेलं ऐकून ते दुसऱ्या भाषेत बोलायचं. चुका करायचं, पण चुका झाल्या की सगळे हसायचे आणि वातावरण सैल व्हायचं. बाई आधी त्याच्या शेजारी बसायच्या, मग बोलावल्यावरच यायच्या. पुढे त्यांचा करार वाढवला नाही. निरोपाला केक कापला. जुने मॅनेजर तोपर्यंत निवृत्त होऊन गेलेले, नवे इंग्रजी बोलणारे. त्यांनी बाईंना अरबीतून 'शुक्रन', म्हणजे धन्यवाद, म्हणून दाखवलं आणि टाळ्या झाल्या. बाईंना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझं सगळं दुसऱ्यांनी आधीच बोलून टाकलंय." लोकांना तो विनोद वाटला. मी लांब उभी होते. त्या माझ्याकडे आल्या नाहीत, मीही गेले नाही. जपानला त्या गेल्या नाहीत. पुण्याला गेल्या.

हे सगळं मी आत्ता लिहायला बसले ते अश्विनीचा फोन आला म्हणून. ती आणि निखिल नाशिकलाच असतात. मुलगी शाळेत जायला लागली आहे. निखिल एका लहान फर्ममध्ये आहे, दोह्याचं नाव घरात काढत नाही.

"बाई आल्या होत्या अगं," अश्विनी म्हणाली. "आपल्या गरम पाणी. न कळवता. दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर त्या. पुण्याहून बसनं आल्या म्हणे."

"आणि?"

"आणि काही नाही. बसल्या. निखिल घरी आहे का विचारलं. होता तो, आतल्या खोलीत. मी जाऊन सांगितलं तर म्हणाला, मी नाही येत, घरी नाही म्हणून सांग. आता एवढंसं घर, त्यांना ऐकू गेलंच असणार. मी बाहेर आले आणि म्हटलं, तो बाहेर गेलाय. त्या म्हणाल्या, बरं, थांबते मी."

"थांबल्या?"

"संध्याकाळपर्यंत. मी चहा केला. मुलीशी बोलल्या जरा. ती इंग्रजीतून, त्या मराठीतून. मग उठल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, निखिलला सांग... मी म्हटलं, काय सांगू? तर बराच वेळ तशाच उभ्या. शेवटी म्हणाल्या, नीट शब्द सापडले की कळवते. आणि गेल्या."

अश्विनीच्या मागे टीव्ही चालू होता, मुलगी कशावरून तरी कुरकुरत होती.

"निखिल काय म्हणाला?"

"काहीच नाही. त्या गेल्यावर बाहेर आला, त्यांचा कप उचलला आणि कचऱ्यात टाकायला निघाला. मी म्हटलं, अरे सेटमधला आहे तो. मग ठेवला." मग मुलीला गप्प करून म्हणाली, "पण बाजूला ठेवलाय. त्याच्यातून आम्ही कुणी पीत नाही."